मागच्या खोलीतली शांतता

पक्ष्यांच्या दवाखान्यात फोन वाजला, तर बातमी बहुधा वाईट असते. पक्षी बरा झाला, दाणा खाऊ लागला, हे सांगायला कोणी फोन करत नाही. माणसे आपापल्या कामाला लागतात. त्यामुळे फोन न येणे ही या व्यवसायातली चांगली बातमी, आणि ती रोज मिळतेच असे नाही.

माझी सरकारी नोकरी भिवंडी तालुक्यात झाली. ती मुख्यतः म्हशींची. तबेले, रेतन, लसीकरण, पावसाळ्यात घटसर्प. निवृत्तीनंतर शहरातल्या एका गल्लीत दोन खोल्यांचा दवाखाना घेतला. पुढच्या खोलीत तपासणीचे टेबल, मागच्या खोलीत आजारी जनावर ठेवायची जागा. कुत्री-मांजरे येतील असा अंदाज होता. आले पक्षी. यंत्रमागाच्या वस्तीतल्या लहान घरात कुत्रा मावत नाही. पिंजरा मात्र खिळ्याला टांगता येतो. म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणाऱ्या माणसाला मुठीत मावणारा रुग्ण धरायला शिकावे लागले. मूठ घट्ट झाली तर पक्षी गुदमरतो, कारण श्वास घेताना त्याची छाती पुढे यावी लागते. सैल झाली तर तो पंख्याकडे उडतो. दोन्हींच्या मधली मूठ सापडायला वेळ लागला.

गिऱ्हाइके तऱ्हेवाईक होती. कबुतरे उडवण्याचा शौक असलेला एक विणकर पायात सूत रुतलेले कबुतर घेऊन आला. बोटाभोवती धाग्याचे वेढे आवळले होते आणि बोट काळे पडत चालले होते. धागा काढताना विचारले, "तुमचं आहे का?" तो म्हणाला, "नहीं डॉक्टरसाब, दुश्मन का है. कल हमारी छत पे उतर गया. दुश्मन का है, मगर अभी मेहमान है." पाहुण्याचे बोट वाचले. तो शत्रूकडे परत गेला की नाही, हे विचारले नाही.

दापोड्याच्या एका वाहतूकदाराची तक्रार वेगळी होती. त्यांचा कॉकटेल ऑफिसच्या दारात टांगलेला असे. डोक्यावर तुरा असलेल्या या राखाडी-पिवळ्या पक्ष्याला भिवंडीत सगळे कॉकटेलच म्हणतात. ट्रक मागे घेताना वाजणारी धून तो हुबेहूब वाजवू लागला होता. मागून गाडी येतेय असे वाटून चालक ब्रेक मारत आणि शिव्या मालकाला देत. "डॉक्टर, याला गप्प करायचं काही औषध?" त्यांनी विचारले. पिंजरा घराच्या मागच्या बाजूला हलवा, असा सल्ला दिला. काही दिवसांनी ते रस्त्यात भेटले. "आता तो कुकरची शिट्टी वाजवतो. बायको तीन शिट्ट्या झाल्या म्हणून गॅस बंद करते आणि डाळ कच्ची राहते."

विनोद सोडले, तर या कामात उशीर फार. आजारी पक्षी आजार लपवतो. थव्यातला अशक्त पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून तो शक्य तितका वेळ धडधाकट असल्याचे दाखवत राहतो. पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्याचीही ही सवय जात नाही. तो पिसे फुगवून तळाशी बसतो, तेव्हा आजार जुना झालेला असतो. "सकाळपर्यंत चांगला होता," असे प्रत्येक मालक सांगतो. ते खोटे नसते, अपुरे असते. वेळेवर आणले असते तर वाचले असते, असे बरेच पक्षी या टेबलावर गेले.

घरात एकापेक्षा जास्त पक्षी असतील, तर आजारी पक्षी लगेच वेगळा करावा लागतो, इतरांच्या नजरेआड आणि स्वतंत्र भांड्यांसह. दाणापाणी आधी निरोगी पक्ष्यांना द्यायचे, आजाऱ्याला शेवटी. माणसे उलट करतात. उठल्याबरोबर आजाऱ्याकडे धावतात आणि तेच हात घेऊन बाकीच्यांकडे जातात. माया आणि संसर्ग एकाच वाटेने चालतात.

सुनंदाबाई आल्या तेव्हा त्यांनी हे सगळे आधीच करून पाहिले होते, आणि उलट क्रमाने.

सुनंदाबाई कारखान्यात कांडी भरतात. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात सुताची कांडी बसवलेली असते. ती मशीनवर भरून देण्याचे हे काम. त्यांचे घर त्याच कारखान्याच्या वर आहे. खाली लूम चालतात तेव्हा वरच्या फरशीला कंप असतो आणि कपातल्या चहावर वलये उठतात. त्या घरात कॉकटेल आणि बजरीगर हे छोटे पोपट मिळून चौदा पक्षी होते. आजारी होती ती साळू, सर्वांत जुनी मादी. घरातले बाकीचे कॉकटेल तिची पिल्ले.

त्यांनी कापडाने झाकलेला पिंजरा टेबलावर ठेवला. "परवापास्नं खाली बसून हाय डॉक्टर. दाणा उचलते आन् टाकून देते. काल ओकली."

साळूचे वजन घेतले. छातीचे मधले हाड बोटाला धारेसारखे लागत होते. म्हणजे ती परवापासून नव्हे, बऱ्याच आधीपासून आजारी होती. विष्ठा पातळ होती. श्वास घेताना शेपूट वरखाली होत होते.

सुनंदाबाईंनी वाकून तिच्या शेपटाकडे पाहिले. मग त्यांनी विचारले, "येक सांगा. ह्यो रोग मानसाला लागतो का?"

"घरात कोणी आजारी आहे?"

"न्हाय. सून पोटुशी हाय. पयलीच खेप."

पोपटाच्या जातीच्या पक्ष्यांचा एक रोग माणसाला होऊ शकतो. ताप येतो, फुप्फुसे धरतात आणि गरोदर बाईला तो जास्त धोक्याचा. साळूची लक्षणे त्या रोगाशी जुळत होती. ती इतर पाच-सहा आजारांशीही जुळत होती. शक्यता कमी होती, पण नाही असे म्हणता येत नव्हते. साळूचे आणि घरातल्या बाकीच्या पक्ष्यांचे नमुने मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवतो असे त्यांना सांगितले. तोपर्यंत सगळे पिंजरे गॅलरीत ठेवायचे, सुनेने तिकडे जायचे नाही, आणि ट्रे कोरडा झाडायचा नाही, ओला करून पुसायचा.

"आन् रोग निघाला तर?"

"सगळ्या पक्ष्यांना औषध. बरेच दिवस."

"येवढं कोन थांबतंय. नितीन बोललाय, रोग निघाला तर समदे पिंजरे जाणार. चौदाच्या चौदा." नितीन त्यांचा मुलगा, गोदामात सुपरवायझर. "आन् रिपोर्ट यायच्या आधी साळू मेली, तर रिपोर्टची वाटबी बघायची न्हाय म्हन्तो. त्येचं काय चुकतंय? बाळापरीस पाखरं मोठी न्हाईत. मी त्याला हो बोलले." त्यांनी पिंजऱ्यावरचे कापड सारखे केले. "हो बोलले, पन तुम्ही बघा काय व्हतंय ते."

साळूच्या जगण्यावर आणखी तेरा पक्ष्यांचे घर अवलंबून होते, हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

पुन्हा तपासताना बोट गळ्याखाली थांबले. पक्ष्याच्या गळ्याखाली पिशवी असते. गिळलेला दाणा आधी तिथे भिजतो, मग पोटात उतरतो. दाण्याने भरलेली पिशवी बोटाला वाळूच्या पुरचुंडीसारखी लागते. ही भिजलेल्या कणकेसारखी लागत होती आणि हलत नव्हती.

"अंडी घालायच्या पेटीत काय घातलंय?"

"कापूस. खालनंच आनते. धुते, उन्हात वाळवते, निवडून घालते. उघड्या लाकडावर पिल्लं कशी ठेवायची?"

माग चालू असले की सुताची लव उडते आणि कारखान्याच्या कोपऱ्यांत साठते. ती मऊ असते, पांढरी असते आणि भिवंडीत ती कोणीही उचलून नेऊ शकतो. बाळंतिणीच्या खाटेवर गादी घालावी, तशी सुनंदाबाई ती साळूच्या पेटीत घालत होत्या. मादी घरटे चोचीने सारखे करत राहते. त्यातला एखादा धागा गिळला जातो, त्यात दुसरा अडकतो. बाजरी पचवणाऱ्या पिशवीला सूत पचत नाही.

नळीने कोमट पाणी सोडून पिशवी बाहेरून हलकेच चोळली. हे घरी कोणी करू नये. चमच्याने पाजलेले पाणीसुद्धा श्वासनलिकेत जाऊन पक्षी मरतो. बऱ्याच वेळाने एक टोक चिमट्यात आले. ओढले तशी पिळदार, लांब गुंडाळी बाहेर आली.

"अगं बाई," सुनंदाबाई म्हणाल्या, "ही तर समईची वात." आणि लगेच, "मीच घातली की वो."

"तुम्ही पेटीत घातलीत. गिळली तिने."

त्या हसल्या नाहीत, पण खाली बसल्या.

आजाराचे एक कारण हाती आले होते. दुसरे नव्हतेच असे त्यावरून ठरत नव्हते, त्यामुळे प्रयोगशाळेचे उत्तर येईपर्यंत साळूला घरी पाठवता येत नव्हते. तिला मागच्या खोलीत ठेवले. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सगळे होते: ऊब, मंद उजेड, शांतता. दार बंद, पंखा बंद, येणाऱ्या-जाणाऱ्यांना आवाज न करण्याची सूचना.

साळू खाईना.

पिशवी आता रिकामी होत होती. नळीने दिलेले पातळ खाणे पचत होते. विष्ठा सुधारली, श्वास शांत झाला. तपासणीत दोष दाखवता येईल असे काही उरले नव्हते. तरी ती दांडीवर ताठ बसून राही, मान उंच, पिसे अंगाला चिकटलेली. वाटीतली कांग, म्हणजे राळ्याचे बारीक दाणे, जशीच्या तशी. वजन उतरत होते. नळीने पक्षी काही दिवस तगतो. जगायचे तर त्याने स्वतः दाणा फोडावा लागतो.

सुनंदाबाई कामाची पाळी संपली की येत. पिंजऱ्याच्या लांबून बोलत. "साळे, आगं खा की. तुजी पोरं तिकडं कांग उडवून खातायत, आन् तू हितं उपास करतेस?" साळू त्यांच्याकडे बघे, तुरा उभा करी आणि पुन्हा ताठ होई.

"डॉक्टर, मन लागंना झालंय तिचं. तिचा येखादा पोरगा आनून ठिऊ का संगतीला?"

हा आग्रह प्रत्येक घरातून होतो. परवानगी दिली नाही. रोग असेल तर तो दुसऱ्याला द्यायचा, असा त्याचा अर्थ होता. त्यांना ते पटले. पटले म्हणून बरे मात्र वाटले नाही.

एके दुपारी त्यांच्याऐवजी सून आली. तिचे नाव प्रतीक्षा. माहेर अंबाडी गावाच्या पुढचे, शेतीवाडीचे. सातवा महिना होता. तिला दाराबाहेरच खुर्ची दिली.

"आत्यांची आज डबल ड्युटी आहे. त्यांनी विचारायला सांगितलंय, खाल्लं का."

"नाही."

"मरेल का ती?"

"खाल्लं नाही तर मरेल."

तिने हातातली पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "लोकांना वाटतं मी पक्षी काढायला लावतेय. माझी आई लावतेय, मी नाही. मला भीती वाटते, ते वेगळं." गल्लीत त्या वेळी कोणी नव्हते. तिने आत डोकावून पाहिले. "किती शांत आहे हो इथं. मला नाही बसवणार."

"शांत जागा चांगली नाही का वाटत?"

"आधी वाटायची. लग्न होऊन आले तेव्हा लूमच्या आवाजाने मी महिनाभर झोपले नाही. नितीनना म्हणायचे, तुमचं घर आहे की गिरणी? आता माहेरी गेले की उलटं होतं. इतकं शांत की काहीतरी वाईट घडलंय असं वाटतं, डोळा लागत नाही. आमच्याकडे लाइट गेली, लूम बंद पडले, की सगळं घर जागं होतं. आत्या तर दचकून उठतात. पक्षी पुतळे होतात."

"म्हणजे?"

"म्हणजे असे." तिने खुर्चीत बसल्या बसल्या मान उंच केली, हात अंगाला घट्ट धरले आणि डोळे एका जागी रोखले. मागच्या खोलीत साळू नेमकी तशी बसली होती.

"तेव्हा खातात?"

"छे! लाइट येईपर्यंत एक दाणा नाही. लूम चालू झाले की मग सगळे एकदम वाटीवर."

शेतात चरणारा थवा सतत किलबिलत असतो. ससाणा दिसला की तो एकदम गप्प होतो. पक्ष्यासाठी गोंगाट म्हणजे सगळे ठीक आहे, आणि अचानक पसरलेली शांतता म्हणजे धोका आहे, हलू नकोस. हे पशुवैद्यकीच्या पहिल्या काही वर्षांत शिकवतात. साळू अंड्यातून बाहेर आली तीच लूमच्या आवाजात. तिच्या लेखी तो आवाज म्हणजे थवा होता. दवाखान्याच्या मागच्या खोलीत तो थवा गप्प झाला होता आणि पुन्हा बोलायला तयार नव्हता. शांतता आजारी पक्ष्याला विश्रांती म्हणून दिली होती. तिला ती शिकाऱ्याची सावली वाटत होती.

"तुझ्या मोबाइलवर लूमचा आवाज भरून पाठवशील?"

प्रतीक्षाने डोळे बारीक केले. "लूमचा? कशाला, डॉक्टर? आख्ख्या भिवंडीत तोच आहे."

"या खोलीत नाही."

तासाभरात आवाज आला. खटक-खटक, खटक-खटक, मध्ये कोणीतरी "ए सलीम, धागा तुटला" म्हणून ओरडलेले, आणि पुन्हा खटक-खटक. तिने तो लांबलचक भरला होता. मोबाइल पिंजऱ्याशेजारच्या स्टुलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि दार लोटून घेतले. फटीतून पाहायचे ठरवले होते.

साळूने आधी तुरा उभा केला. मग अंग झटकले, सगळी पिसे एकदम सैल सोडून. पक्षी निश्चिंत झाला की असे झटकतो. या खोलीत तिने ते एकदाही केले नव्हते. ती दांडीवरून सरकत वाटीपाशी गेली. दाणा फुटल्याचा आवाज लूमखाली ऐकू येणे शक्य नव्हते. पण वाटीच्या कडेवर पहिले टरफल पडले, मग दुसरे, मग मोजणे सोडून दिले.

सुनंदाबाईंना फोन केला नाही. वजन वाढल्याचे दिसल्याशिवाय काही बोलायचे नाही, हा जुना नियम. दुसऱ्या दिवशी वजन उतरले नाही. त्यानंतर वाढले. तेव्हा सांगितले.

पुढे काही दिवस दवाखान्यात लूम चालू होते. कुत्र्याला इंजेक्शन द्यायला घेऊन आलेल्या एका गृहस्थाने मागच्या दाराकडे पाहून विचारले, "काय डॉक्टर, दवाखान्यात भागत नाही म्हणून लूम टाकलेत का? किती टाकले?"

"एकच. चार्जिंगवर चालतो."

साळू वाचली होती. तेरा जणांचे अजून ठरायचे होते. सुनंदाबाई आता खाण्याविषयी विचारत नव्हत्या. येत, मोबाइलमधला आवाज ऐकत उभ्या राहत, "ह्यो आमचाच कारखाना, तिसऱ्या लूमचा पट्टा ढिला हाय," असे काहीतरी म्हणत आणि जाताना एकच प्रश्न टाकत, "आलं का मुंबईवरनं?"

आले ते सकाळी, त्यांच्या कामाच्या वेळेत. साळूला किंवा घरातल्या इतर पक्ष्यांना माणसाला लागणारा तो रोग नव्हता. फोन लावला. पलीकडे फक्त लूम. "थांबा, भाईर जाते," त्या ओरडल्या. आवाज हळूहळू मागे पडला आणि शांतता आली. त्या शांततेत त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"बोला."

"रोग नाही. एकालाही नाही. पक्षी घरात राहू शकतात."

मग चपलांचा आवाज, आणि लूमचा आवाज पुन्हा वाढत गेला. फोन बंद करायचे त्यांच्या लक्षात राहिले नसावे. कारखान्याच्या आत, सगळ्या यंत्रांच्या वर चढवलेला त्यांचा आवाज आला, "ऱ्हायले! समदे ऱ्हायले गं!" कोणीतरी विचारले, "कोन ऱ्हायले?" त्यावर जे काही बोलणे झाले, ते खटक-खटकमध्ये बुडाले.

साळू घरी गेली. काही अटी घातल्या आणि त्या पाळल्या गेल्या. पिंजरे कायमचे गॅलरीत. ट्रे साफ करणे सुनंदाबाईंकडे, प्रतीक्षाकडे नाही. घरट्याच्या पेटीत कापूस बंद. त्याऐवजी सुताराकडचा रंध्याचा जाडसर भुसा. शेवटच्या अटीवर सुनंदाबाई थोड्या नाराज होत्या. "टोचंल की वो पिल्लांना." टोचत नाही, असे सांगितले. त्यांनी पेटीत आधी स्वतःचा गाल टेकवून पाहिला, मग भुसा घातला.

आता लूम भागातला पक्षी दाखल झाला, की त्याच्या घराचा आवाज विचारला जातो. कोणाच्या खाली माग असतात, कोणाच्या शेजारी वेल्डिंग. सगळ्यांनाच आवाज लागतो असे नाही. काहींना खरोखर शांतताच हवी असते. पण विचारायला खर्च येत नाही.

प्रतीक्षा बाळंतपणाला माहेरी गेली. मुलगा झाला, पेढे आले. त्यानंतर काही दिवसांनी तिचा फोन आला. या व्यवसायातल्या सवयीने आधी साळूच आठवली.

"पक्षी ठीक आहेत?"

"पक्षी मजेत आहेत. डॉक्टर, बाळ झोपत नाही." मागे जोरात रडणे चालू होते. "इथल्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, काही नाही, ठणठणीत आहे. मांडीवर घेतो, झोळीत घालतो, आई गाणी म्हणते, काही उपयोग नाही. खोली शांत केली की जास्तच रडतो. मला एकदम साळू आठवली. तो आवाज तुमच्याकडे आहे का हो अजून? माझ्या नवीन मोबाइलमध्ये आला नाही."

माणसाच्या बाळावर उपचार करण्याचा परवाना माझ्याकडे नाही, आणि कोणत्याही पुस्तकात हे औषध लिहिलेले नाही. दोन्ही गोष्टी तिला सांगितल्या. आवाज बेताचा ठेवायचा आणि मोबाइल झोळीपासून लांब, हेही सांगितले. मग तो आवाज पाठवून दिला, सलीमच्या तुटलेल्या धाग्यासकट.

संध्याकाळपर्यंत फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.